मी आफ्रिकेला का गेले नाही

कुमुद, मी तूरडाळीसाठी आफ्रिका सोडली. हे आधी एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

तुला हे ठाऊकच आहे. पण तू गेल्यापासून मला भेटायला येणारी माणसं सुस्कारा टाकून म्हणतात, "त्या काळी मुलींना कुठे पाठवायचे हो एवढ्या लांब!" मी मान डोलावते, आणि मला वाटतं तू दाराआड उभी राहून ऐकते आहेस. तेव्हा खरं ते सांगते. मला कुणीही अडवलं नव्हतं. माझ्या बापानं, दादांनी, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून तिला स्वतःच्या हातानं हिरवा रंग दिला होता. आई अख्ख्या बोरिवलीत सांगत फिरत होती की आमची विमल दार-एस-सलामला चालली. ते नाव तिला पेलायचं नाही, म्हणून ती नुसतं "सलामला" म्हणायची.

विद्यापीठातल्या आपल्या आफ्रिका विभागाकडे जागा एकच आली होती. वर्षभर तिकडे राहायचं, स्वाहिली शिकायची, अभ्यास करायचा. माझा पहिला नंबर, तुझा दुसरा. आणि मी, दोन वेण्या आणि डोक्यात वारा, सरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं, "सर, मी चौकशी केली. तिकडे तूरडाळ मिळत नाही. मला वरणाशिवाय जेवण जात नाही."

चौकशी कुठे केली होती? आमच्या नाक्यावरच्या वाण्याकडे. तो जन्मात वसईच्या पलीकडे गेला नव्हता. मी विचारलं, "आफ्रिकेत डाळ मिळते का हो?" तो म्हणाला, "जंगलात कुठली डाळ, बेन!" झाली माझी चौकशी. आफ्रिका विषय घेऊन एम.ए. करणारी मुलगी आणि तिचा संदर्भ म्हणजे वाणी. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बहुधा परीक्षेत पहिली आलेली ती हीच का, हे बघायला.

तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी सांगितलं. तू हसली नाहीस, याचा मला तेव्हा राग आला होता.

"डाळ?" तू म्हणालीस.

"हो."

"विमे, खरं सांग."

"खरंच सांगतेय. पोटाचा प्रश्न आहे."

पोटाचा नव्हताच. पण एम.ए. करणाऱ्या मुलीनं "मला भीती वाटते" असं म्हणायचं कसं? डाळ हाताशी होती, ती पुढे केली.

मग तू गेलीस. ती हिरवी ट्रंक घेऊन गेलीस. दादांनीच तुझ्या घरी नेऊन दिली. म्हणाले, "रंग दिलाय, आता कुणीतरी जायलाच पाहिजे."

वर्षानं परत आलीस ती सामान मुलुंडच्या तुझ्या घरी टाकून तडक आमच्या स्वयंपाकघरात. मला नीट मिठीही मारली नाहीस. आईकडे अख्खी तूर आणि नारळ मागितलास, पदर खोचलास आणि नारळाच्या रसात तूर शिजवून माझ्यापुढे ठेवलीस.

"हे काय?"

"म्बाझी. म्हणजे तूर. तिकडे सकाळी नाश्त्याला खातात. रस्त्याच्या कडेला बायका पातेली घेऊन बसतात. खा."

आणि ताट संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. मी निर्लज्जासारखी अजून वाढ म्हटलं. आई म्हणाली, "अगो, ही तर आपल्याकडची वाटते." आमचं कोकणातलं घर, नारळाच्या रसात शिजलेलं काहीही आईला आपलंच वाटायचं. तू माझ्याकडे बघून एकच शब्द बोललीस: "वाणी!" पुढे आयुष्यभर मी काही मूर्खपणा केला की तू एवढंच म्हणायचीस. एका शब्दात काम व्हायचं.

आता तर काय, त्याच वाण्याचा नातू दुकान चालवतो आणि गोणीवर पुठ्ठा लावतो, "आफ्रिका तूर, लवकर शिजते". मी गेले नाही, तर डाळच निघून इकडे आली. मी दर महिन्याला ती घेते आणि दर महिन्याला मनात तुला नमस्कार करते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण तू डोक्यावर चढून बसली असतीस.

---

तू विभागात शिकवायला लागलीस आणि मी त्याच विभागाच्या कार्यालयात चिकटले. पत्रं टाइप करायची, पाहुण्यांची सोय बघायची, खुर्च्या लावायच्या, कँटीनमधून वडे आणायचे. गुरुवारचा व्याख्यानांचा कट्टा आपला दोघींचा. तू त्याला तिकडच्या भाषेत "बराझा" म्हणायचीस, घराबाहेरचा बसायचा ओटा. मी म्हटलं, मग सरळ कट्टा म्हण की. त्यावरही आपण आठवडाभर भांडलो. झांझिबारचे कोरीव दरवाजे, कापसाचा व्यापार, तिकडचे सिनेमे, कुणाकुणाचे अर्धवट प्रबंध, सगळं त्या खोलीत झालं. तू बोलायचीस, पाहुणे बोलायचे, मुलं बोलायची. मी शेवटच्या रांगेत बसून माइक शिट्टी मारतोय का ते बघायचे.

आणि मी आफ्रिकातज्ज्ञ कशी झाले, ते सहारच्या विमानतळाला विचारावं. दार-एस-सलामहून एक प्राध्यापक येणार होते. तुला ताप होता, म्हणून मला पाठवलंस. पुठ्ठा लहान होता, त्यावर नुसतं "दार-एस-सलाम" मावलं. मी तो छातीशी धरून उभी. माझ्या डोळ्यांपुढे उंचापुरा, काळा, सुटातला गृहस्थ. आणि समोर येऊन उभी राहिली एक ठेंगणी, गोरी, गुजराती पद्धतीची साडी नेसलेली बाई. पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मैं हूँ."

मी म्हटलं, "नहीं नहीं, हमारे मेहमान आफ्रिका से आनेवाले हैं."

ती म्हणाली, "वही तो. मैं ही हूँ."

मी तिला अगदी प्रेमानं समजावून सांगितलं, की ती ती नाही. मला वाटलं घाटकोपरहून कुणाला तरी घ्यायला आली आहे आणि गर्दीत गोंधळली आहे. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, बॅग आडवी केली, त्यावर बसली आणि म्हणाली, "ठीक है, बेन. मैं भी रुकती हूँ. देखते हैं कौन आता है."

सगळं विमान रिकामं झालं तरी आम्ही दोघी कुणाची तरी वाट बघत होतो. तिचे पणजोबा तिकडे गेले होते, ती तिकडेच जन्मली, तिकडेच शिकवत होती. स्वाहिली तुझ्याहून चांगली बोलायची. व्याख्यानाची सुरुवात तिनं याच गोष्टीनं केली. तू तापातून उठून आली होतीस आणि हसता हसता तुला ठसका लागला. मी शेवटच्या रांगेत माइककडे बघत बसले. माइक अगदी व्यवस्थित होता.

---

तुझा फळा. विभागाच्या दाराशेजारचा, आपण दोघी निवृत्त झालो तरी तुझाच. बाहेरून संधींचे कागद यायचे, घट्ट इंग्रजीत; तू ते खडूनं मराठीत उतरवायचीस, आणि नुसतं भाषांतर नाही. "स्वाहिलीचे वर्ग, सोमवार-बुधवार. भीती वाटली तरी या." "निबंध पाठवा. इंग्रजी वाईट असलं तरी चालेल, माझंही होतं." आणि बाहेर जायची संधी असली की खाली ठरलेली ओळ: "घरचे नाही म्हणाले तर मला भेटा. मी घरी येते."

आणि तू जायचीसच. मला बरोबर घेऊन, पेढ्यांचा पुडा घेऊन. मुलगी मागायला गेल्यासारखं. घाटकोपरची चाळ असो, चेंबूरचा बंगला असो, की आरेच्या रस्त्यानं बस बदलून गाठलेला पाडा असो. तू बोलायचीस, मी पोहे खायचे. "मुलगी आम्हाला द्या," तू म्हणायचीस, "वर्षानं परत आणून देते, आहे त्याहून बरी." एका घरी वडिलांनी विचारलं होतं, "या कोण?" तू म्हणालीस, "या साक्षीदार." मी पोह्यांवरून मान वर केली नाही. कसली साक्ष देणार होते मी?

शेवटचं भांडणही यावरूनच झालं.

प्राचीची निवड झाली होती. चारकोपची मुलगी, बाप नाही, आई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाते. सहा महिने दार-एस-सलाम, राहण्याची सोय, स्वाहिलीचा पुढचा अभ्यास. पुढच्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि आईचा नकार पक्का. तू फोन केलास, तिनं आपटला. परत केलास, परत आपटला. मग तू मला फोन केलास.

"विमे, या वेळी तू बोलायचंस. तुझ्या बाजूलाच राहते ती. जा."

"मी कशाला लोकांच्या घरात तोंड घालू? माझे गुडघे बघ आधी."

"गुडघ्यांनी बोलायचं नाहीये. अगं, ती काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, तिकडे पोरगी खाणार काय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकलंस ना? खाणार काय! इतक्या वर्षांनी तेच. मला काही बोलता येईना. मी गेलेली बाई. मी काय सांगणार तिला? तू सांग."

"मी काय सांगू? मी तर गेलेच नाही."

"तेच सांग."

"मला नाही जमणार, कुमुद."

"मग कट्ट्यावर सांग. फळ्यावर तुझं नाव लिहिलंय, पुढच्या गुरुवारी. विषयही लिहिलाय. 'मी आफ्रिकेला का गेले नाही.'"

"वेड लागलंय का तुला? पूस ते!"

"खडू माझा, फळा माझा. तुला पुसायचं तर ये आणि पूस."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे लाल गोळ्यावर बोट दाबलं. हल्ली आपटायचीही सोय राहिलेली नाही.

दोन दिवसांनी तुझ्या नंबरावरून फोन आला. मी वाजू दिला. म्हटलं, वाट बघू दे अजून जरा. पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. मग उचलला आणि हॅलो म्हणायच्या आधीच म्हणाले, "पुसलंस का?"

तिकडून तुझा भाचा बोलला.

---

मुलुंडला आले, तुला बघितलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुला ती हार घातलेली गंभीर कुमुद आवडली नसती, मलाही आवडली नाही.

त्यानंतर विभागात गेले ते फळा पुसायला. खरंच. डस्टर हातात घेतलं होतं. तुझं अक्षर तसंच उजवीकडे चढत गेलेलं, माझं नाव मोठ्ठं, त्याखाली विषय, आणि त्याच्या खाली, मला न सांगता, बारीक अक्षरात: "वक्त्या या विषयातील अधिकारी व्यक्ती आहेत." मी तिथेच हसले आणि मग हसू थांबेना आणि मग ते हसू राहिलं नाही.

नीमा पाठीमागे उभी होती. टांझानियाची ती पोरगी, तुझ्याकडे प्रबंध करणारी, जी रिक्षावाल्याशी माझ्यापेक्षा चांगलं भांडते. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "पोले, आजी. पोले साना."

तूच मला शिकवला होतास तो शब्द. ठेच लागली तरी म्हणतात, दमून आलं तरी म्हणतात, माणूस गेलं तरी म्हणतात. तू तिकडून आल्यावर बस चुकली तरी मला "पोले" म्हणायचीस. तू गेल्यावर माणसांनी माझं खूप सांत्वन केलं, वय झालं होतं म्हणाले, सुटली म्हणाले. ते सगळं माझ्या अंगावरून गेलं. हे आत गेलं. मी डस्टर ठेवलं.

तेवढ्यात विभागप्रमुख बाहेर आले. तुझाच विद्यार्थी, वाईट नाही गं, पण त्याला नेहमी कुठेतरी मीटिंगला जायचं असतं.

"विमलताई, गुरुवारी शोकसभा ठेवू. मॅडमचा फोटो, दोन-दोन शब्द. आणि मग कट्टा सध्या स्थगित ठेवू. तशीही ती खोली प्लेसमेंटवाल्यांना हवी आहे."

स्थगित! कुमुद, मी नोकरीभर हा शब्द टाइप केला. स्थगित झालेलं काहीही मी पुन्हा सुरू झालेलं बघितलं नाही.

म्हटलं, "गुरुवारी कार्यक्रम आहे. फळ्यावर लिहिलंय."

"हो, पण वक्ते?"

"मी."

त्यानं घड्याळात बघितलं. "आणि मग व्यवस्था... खुर्च्या वगैरे कोण?"

"त्याही मीच. आणि शोकसभा नको. कुमुदला दोन-दोन शब्द बोलणारी माणसं चालायची नाहीत, तिला तासभर लागायचा."

"आणि पुढच्या गुरुवारी?"

"ते पुढच्या बुधवारी सांगेन. खोलीची किल्ली माझ्याकडेच असू दे."

किल्ली मी पर्समध्ये टाकलीसुद्धा. त्याला मीटिंगला जायचं होतं.

---

बुधवारी अख्खी तूर भिजत घातली. चांगली पातेलंभर. नारळ खवताना माझी नात येऊन बघत उभी राहिली. "आजी, नक्की लेक्चर आहे ना? की हळदीकुंकू?" म्हटलं, दोन्हीच्या मधलं काहीतरी. मग प्राचीला फोन केला. "आईला घेऊन ये. व्याख्यान म्हणू नकोस. विद्यापीठात जेवायला बोलावलंय म्हण." "आई येणार नाही हो, आजी." "मग तिला सांग, जेवण एका बोरिवलीच्या बाईनं केलंय आणि तिला कुणीतरी चव सांगायला हवंय." तुझ्या हाताखाली इतकी वर्षं पोहे खाल्ले, काही तरी शिकणारच ना.

गुरुवारी मांडीवर डबा घेऊन रिक्षानं आले. खुर्च्या लावल्या. माइक लावला, त्यानं शिट्टी मारली, बरं वाटलं. मुलं आली, नीमा आली, तिच्या होस्टेलच्या मैत्रिणी आल्या, विभागप्रमुखही मीटिंग सोडून आले आणि मागे उभे राहिले. प्राचीची आई दारालगतच्या खुर्चीत बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून, कुणी काही विकायला लागलं तर उठून जायच्या तयारीनं.

आणि मी पहिल्यांदा शेवटच्या रांगेकडे तोंड करून उभी राहिले. मला त्या क्षणी कळलं की तिकडून खोली किती लांब दिसते.

मी वाण्यापासून सुरू केलं. मुलं हसली. विमानतळ सांगितला, जास्त हसली. हिरव्या ट्रंकेबद्दल सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. मी म्हटलं, "माझ्या बापानं ट्रंकेला रंग दिला होता. मला कुणी अडवलं नाही. मी घाबरले होते, आणि घाबरले म्हणायची लाज वाटली म्हणून डाळीचं नाव घेतलं. डाळीची बिचारीची काही चूक नव्हती. माझी मैत्रीण गेली, परत आली, आणि तिनं ती डाळ मला खाऊ घातली. ती आज तुमच्यासाठी आणली आहे."

मग मी प्राचीकडे अजिबात बघितलं नाही, दाराकडे बघून म्हटलं, "मुलीला भीती वाटत असेल तर मुलीनं तसं सांगावं. आईला वाटत असेल तर आईनं सांगावं. आईला तर वाटणारच. परका देश, एकटी पोर, लोक काहीबाही सांगतात, तिकडची माणसं कशी असतात नि काय. भीतीशी बोलता येतं. ती म्हणते काय होईल, आपण म्हणतो चल विचारू. पण डाळीशी काय बोलणार? डाळ काही उत्तर देत नाही. मी अर्धं आयुष्य डाळीशी बोलत बसले."

तेव्हा नीमा हात वर करून म्हणाली, "मैं बोलूँ? मैं जब इधर आयी ना, मेरी माँ भी यही पूछी थी. वहाँ खायेगी क्या? सूटकेस में आटा भरके दिया." सगळे हसले. मी दाराकडे बघितलं. पर्स अजून मांडीवरच होती, पण तिच्यावरचे हात सैल झाले होते.

मग वाढलं. कागदी बश्यांत, पावाबरोबर. नीमानं पहिला घास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आजी, नारियल कम पडा. मेरी माँ देखेगी तो बोलेगी, ये क्या पानी है!" बघ. व्याख्यान चांगलं झालं, डाळ पडली. तू असतीस तर "वाणी!" म्हणाली असतीस.

---

आता एक राहिलेलं.

ती जागा. आपण कधी नीट भांडलो नाही यावर. तुझा कुठेही सत्कार झाला, की तू बोलता बोलता माझ्याकडे बघायचीस, "ही जागा खरं म्हणजे दुसरीची होती" असं काहीतरी डोळ्यांत आणून. मला त्याचा संताप यायचा. आरेतून जाणाऱ्या बसमध्ये एकदा मी तुला म्हटलंही होतं, "असं बघत जाऊ नकोस. मी काही त्याग-बिग केलेला नाही. पळाले मी." तू म्हणालीस, "तरी जागा तुझीच होती." मी खिडकीबाहेर बघत बसले, तबेले संपेपर्यंत.

तर ऐक. मी गेले असते तर एक बरा प्रबंध लिहून परत आले असते आणि ट्रंक माळ्यावर टाकली असती. तू ती कधी माळ्यावर टाकली नाहीस. तुझ्या खोलीत तिच्यावर चहाचे कप असायचे, आणि दर मुलीला तू ती दाखवायचीस. तू गेलीस म्हणून तो फळा झाला, तो कट्टा झाला, त्या इतक्या मुली गेल्या आणि परत आल्या. तेव्हा जागा योग्य माणसाला मिळाली, हे मी आज लेखी देते.

आणि तरी, कुमुद, मला जायला हवं होतं. हेही खरं आहे. दोन्ही एकदम खरं असतं, हे कुणाला सांगायला गेलं की लोक एकातच समाधान मानायला सांगतात. तू मात्र मानायला लावलं नसतंस. तू म्हणाली असतीस, "मग आता बोल की, कट्ट्यावर." तू तेच म्हणालीस, आणि मी फोन ठेवला.

भाच्यानं ट्रंक मला दिली आहे. हिरवा रंग जागोजाग उडालाय. मी पुन्हा रंग आणला आहे, दादांनी दिला होता तसाच. फळा मी पुसला नाही. तुझ्या अक्षराच्या खाली जागा आहे, तिथे पुढच्या गुरुवारचं लिहिलं. माझं अक्षर तुझ्यासारखं वर चढत नाही, सरळ जातं, टायपिस्टचं. नीमा बोलणार आहे. खुर्च्या मी लावणार आहे. खोली प्लेसमेंटवाल्यांना मिळणार नाही, निदान गुरुवारी नाही, आणि किल्ली मागायला विभागप्रमुखाला बोरिवलीपर्यंत यावं लागेल. आला तर त्याला पोहे देईन आणि काही एक बोलू देणार नाही. घरचे नाही म्हणाले तर त्या घरी मीही जाईन, गुडघ्यांसकट. पेढे आता मी आणीन.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी बश्या गोळा करत होते. प्राची खाली रिक्षा बघायला गेली होती. तिची आई दारातून परत आली. तिच्या हातातली बशी रिकामी होती, पुसून घेतल्यासारखी. कचऱ्याची पिशवी तिनं माझ्या हातातून काढून घेतली, उरलेल्या बश्या स्वतःच त्यात भरायला लागली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, तुमच्या त्या मैत्रिणीला मी फोनवर वाट्टेल ते बोलले, ते आता काय परत घेता येत नाही. मसाला तर मी पोरीबरोबर देणारच, वर्षाचा कुटलेला आहे, त्याच्यावर कुणी बोलायचं नाही. पण तुम्ही एवढं खरं सांगा, डाळ बांधून देऊ की नको?"